तीन बहिणींचा बॅण्ड आणि हरवलेल्या नऊशे तबकड्या



अमेरिकेत १९६९ साली तीन बहिणींच्या गाण्यांची एक तबकडी निघाली. पैसे वडिलांनी भरले होते. प्रती छापायच्या ठरल्या होत्या १०००, घरी आल्या १००. उरलेल्या ९०० कुठे गेल्या ते त्या घराला कळलं नाही, आणि ज्याने छपाईचं काम अंगावर घेतलं होतं तो गृहस्थही मग फिरकला नाही, असं त्या घरचे सांगत आले. आज त्याच तबकडीची जुनी प्रत मिळवायला शौकीन लोक हजारो डॉलर मोजतात. गाणाऱ्या बहिणी मात्र या सगळ्या काळात नोकऱ्या आणि संसार करत होत्या, आणि कितीतरी वर्षं त्यांना याचा पत्ताही नव्हता.

बॅण्डचं नाव होतं शॅग्ज. हे गाणं आपल्याकडचं नव्हे, भाषा आपली नव्हे. तरी गोष्ट ऐकताना आपल्या गटातल्या बायकांना पुष्कळ ओळखीचं सापडेल, म्हणून आम्ही हा विषय घेतला. पण बहिणींकडे जाण्याआधी त्यांच्या काळाबद्दल थोडं सांगायला हवं. म्हणजे तीन माणसांचा बॅण्ड ही काय चीज होती आणि तिचं इतकं नाव का झालं, ते समजेल.

तीन दगडांची चूल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तीन दगड नीट मांडले की त्यावर भलंमोठं पातेलं डगमगत नाही, आणि एक काढला की पातेलं कलंडतंच. रॉक संगीतातल्या त्रिकुटाचं तसंच असतं. एकजण गिटार वाजवतो, एकजण बेस गिटार, एकजण ड्रम. गाणारा वेगळा नसतो, तिघांतलाच कुणीतरी गातो. ड्रम ठेका धरतो. बेस गिटारच्या तारा जाड, आवाज खर्जातला. ती गाण्याला तळ देते, ठेका आणि सूर एकमेकांना बांधून ठेवते. या दोघांच्या जिवावर साधी गिटार वर हवी तशी फिरते. मोठ्या वाद्यवृंदात एखादा वादक क्षणभर थांबला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तिघांत एक थांबला की गाण्याला भोक पडतं.

आधी अशा बॅण्डमध्ये सहसा चार-पाच माणसं लागत. तिघांत भागू लागलं याचं एक कारण अगदी यंत्राचं आहे. १९६५च्या सुमाराला लंडनमध्ये जिम मार्शल नावाच्या दुकानदाराने १०० वॅटचे अॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. माणसाच्या उंचीएवढे स्पीकर एकावर एक रचायचे आणि त्यात गिटारची तार जोडायची. एका गिटारचा आवाज एवढा मोठा झाला की दुसऱ्या गिटारची गरजच उरली नाही. १९६६ साली लंडनमध्येच दोन त्रिकुटं उभी राहिली, क्रीम आणि जिमी हेंड्रिक्स एक्स्पिरिअन्स. क्रीममध्ये एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर. हेंड्रिक्स हा अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय गिटारवादक, त्याच्या जोडीला दोघे इंग्रज. दोन्ही बॅण्ड तीन वर्षांच्या आतबाहेर मोडले, पण त्यांच्यामागून जगभर पोरांनी त्रिकुटं काढली.

त्या आवाजाची एक गंमत तुम्ही रोज ऐकली आहे. गावात सभेच्या वेळी माइक कर्ण्याच्या समोर गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, तोच मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, असं ते चक्र आहे. मंडपवाला धावत जाऊन बटण फिरवतो. हेंड्रिक्सने ती शिट्टी मुद्दाम काढली. गिटार स्पीकरसमोर धरायची, शिट्टी उठली की तिला हाताने वळवायची आणि तिचाच सूर करायचा. दुसरी गोष्ट फाटक्या आवाजाची. यंत्राच्या कुवतीपेक्षा जास्त आवाज त्यात कोंबला की तो फाटतो, करकरतो. लग्नाच्या वरातीत ते आपल्याला नकोसं होतं. या लोकांना तेच हवं होतं.

अशा संगीताला सायकेडेलिक रॉक हे नाव पडलं. सायकेडेलिक हा शब्द एलएसडी नावाच्या द्रव्याशी जोडलेला आहे. स्वित्झर्लंडच्या एका रसायनतज्ज्ञाने, आल्बर्ट हॉफमनने, ते १९३८ साली प्रयोगशाळेत बनवलं. ते घेतलं की रंग, आवाज, वेळ यांचं भान बदलतं. कॅलिफोर्निया राज्याने १९६६ साली त्यावर बंदी आणली. पण तोवर सॅन फ्रान्सिस्को शहरात तरुणांचे थवेच्या थवे जमू लागले होते, आणि त्या नशेत जग जसं वेडंवाकडं, लांबलेलं, विरघळलेलं भासतं तसं गाण्यात आणण्याची चढाओढ लागली होती. नशेने कितीजणांचं वाटोळं झालं ते आपण जाणतो, त्यात पडत नाही. मुद्दा एवढाच की त्या दोन-चार वर्षांत गाणं सरळ असलं पाहिजे, सुरात असलं पाहिजे, तीन मिनिटांत संपलं पाहिजे, हे नियम ढिले झाले. सॅन फ्रान्सिस्कोतलंच ब्लू चिअर नावाचं एक त्रिकुट इतक्या मोठ्याने वाजवायचं की तेवढ्यासाठीच त्याचं नाव झालं. १९६८ साली त्यांचं एक गाणं अमेरिकेच्या यादीत १४व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि मग लोक त्यांना विसरलेही.

विसरलेल्यांची यादी फार मोठी आहे, आणि ती का मोठी आहे हे समजायला तबकडी कशी बने ते पाहावं लागतं. गाणं आधी टेपवर घेत. टेपवरून एका लाखेचा थर दिलेल्या मऊ तबकडीवर सुईने खाचा कोरत. तिच्यावर धातूचा मुलामा चढवून उलटा साचा काढत. मग तापवलेलं विनाइल त्या साच्यात दाबलं की प्रत तयार, जवळपास आपण साच्यात चांदणी करंजी दाबावी तसं. साचा एकदा झाला की प्रती काढणं सोपं, त्यामुळे पैसे भरले तर कुणाच्याही गाण्याची तबकडी निघू शकत होती. लहान गावातल्या पोरांचे बॅण्ड, चर्चमधली गायक मंडळी, शाळेची वाद्यवृंद मंडळं, सगळ्यांनी पाचशे-हजार प्रती काढून घेतल्या. अडायचं पुढे. दुकानात ती ठेवणार कोण? रेडिओवर लावणार कोण? ते जाळं मोठ्या कंपन्यांच्या हातात होतं. घरचे, नातलग, शेजारी यांनी शंभरेक प्रती घेतल्या की बाकीच्या माळ्यावर जायच्या. पापड चांगला लाटता येणं आणि तो तालुक्याच्या दुकानात ठेवला जाणं यांत किती अंतर असतं, हे बचत गटाला वेगळं सांगायला नको.

आता बायका. आम्ही नावं घेतली ती सगळी पुरुषांची, कारण या त्रिकुटांत बाई बहुधा नसायचीच. बाई गाणार, पुढे उभी राहणार, हे चालत होतं. तिने ड्रमवर बसणं किंवा त्या मोठ्या स्पीकरला गिटार जोडणं लोकांच्या डोक्यात बसत नव्हतं. अपवाद होते. सॅन फ्रान्सिस्कोत १९६७ साली पाचजणींनी एस ऑफ कप्स नावाचा बॅण्ड काढला. गिटार, बेस, ऑर्गन, ड्रम सगळं बायकाच वाजवायच्या, गाणी त्यांचीच. त्या उन्हाळ्यात शहरातल्या गोल्डन गेट पार्कला लागून असलेल्या मोकळ्या पट्ट्यात हेंड्रिक्सचा फुकट कार्यक्रम झाला, त्यात त्याच्याआधी या वाजवून गेल्या, आणि पुढे एका मुलाखतीत त्याने त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. जेफरसन एअरप्लेन हा त्या वेळचा मोठा बॅण्ड, त्याच्या १९६९च्या तबकडीत मागचे आवाज यांचे आहेत. पण स्वतःची तबकडी? नाही झाली. कंपन्यांनी विचारणा केली, करार झाला नाही. मग मुलं झाली. तान्ही मुलं कडेवर घेऊन गावोगाव दौरे कोण करणार? १९७२च्या सुमाराला बॅण्ड थांबला. त्यांची पहिली स्टुडिओत केलेली तबकडी आली २०१८ साली, तेव्हा त्या सत्तरीच्या आसपास होत्या.

एस ऑफ कप्सच्या पाचजणींनी बॅण्ड आपल्या मनाने काढला होता. शॅग्जचं तसं नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्को अमेरिकेच्या पश्चिम टोकाला. तिथून पार उलट टोकाला, ईशान्येला, न्यू हॅम्पशर नावाचं छोटं राज्य आहे आणि त्यात फ्रीमॉन्ट नावाचं लहानसं गाव. तिथे ऑस्टिन विगिन आणि त्यांची पत्नी अॅनी राहत. ऑस्टिन जवळच्या एक्झिटर गावातल्या कापड गिरणीत कामाला होते. घरात मुलं बरीच, हात आखडताच. ऑस्टिन लहान असताना त्यांच्या आईने त्यांचा हात पाहून तीन गोष्टी सांगितल्या होत्या: तुझी बायको तांबूस सोनेरी केसांची असेल, माझ्यामागे तुला दोन मुलगे होतील, आणि तुझ्या मुली गाण्याचा बॅण्ड काढून नाव कमावतील. पहिल्या दोन खऱ्या ठरल्या. तेव्हा तिसरी खरी करणं हे आपलंच काम, असं ऑस्टिननी ठरवलं.

भविष्यावर विश्वास ठेवणारी माणसं आपण पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक वाट पाहतात. या गृहस्थांनी वाट पाहिली नाही. हेलन, डोरोथी म्हणजे डॉट, आणि बेटी या तिघींना त्यांनी शाळेतून काढलं. गिरणीच्या पगारातून वाद्यं आणली, शिकवणी लावली. अभ्यास टपालाने घरी करायचा. दिवस आखून दिलेला: सकाळी सराव, दुपारी अभ्यास, संध्याकाळी पुन्हा सराव, वडील कामावरून आले की त्यांच्यासमोर वाजवून दाखवायचं, वर व्यायाम. मैत्रिणींकडे जाणं, कुठे फिरायला जाणं, मुलांशी बोलणं बंद. बॅण्डचं नावही वडिलांनीच ठेवलं. मुलींना बॅण्ड हवा होता का? बहिणींनी पुढे मुलाखतींत जे सांगितलं त्याचा अर्थ असा की तो विचार त्यांचा नव्हता, वडील सांगायचे आणि त्या ऐकायच्या.

१९६८ साली एक्झिटरमध्ये कलागुणांच्या एका स्पर्धेत त्या पहिल्यांदा लोकांपुढे उभ्या राहिल्या. प्रेक्षकांनी हुर्यो केली, थंड पेयाचे डबे फेकून मारले. मुलींना घरी जायचं होतं. वडिलांचं म्हणणं, अजून सराव करा. मग फ्रीमॉन्टच्या गावसभागृहात दर शनिवारी रात्री त्यांचा कार्यक्रम ठरला आणि तो वर्षानुवर्षं चालला. सगळं घर राबायचं. गावातली पोरं यायची, काही नाचायची, बरीच टिंगल करायची. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. भजनाला पहिल्यांदा उभं राहताना आपल्या पायाला कसा कंप सुटतो ते आठवा, आणि समोर टिंगल करणारी पोरं आहेत हे माहीत असताना दर आठवड्याला उभं राहणं काय असेल याचा अंदाज करा.

९ मार्च १९६९ला वडिलांनी तिघींना गाडीत घातलं आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रिव्हिअर गावच्या फ्लीटवूड स्टुडिओत नेलं. तिथल्या माणसांनी थोडं ऐकलं आणि सुचवलं की मुलींची तयारी झालेली नाही, थांबा. ऑस्टिन थांबणारे नव्हते. एका दिवसात १२ गाणी झाली. तबकडीचं नाव 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड', म्हणजे जगाचं तत्त्वज्ञान. गाणी सगळी डॉटची, शब्द तिचे, चाली तिच्या. वेष्टनावर तिघी एकसारख्या पोशाखात वाद्यं घेऊन उभ्या आहेत, केस लांब, चेहरे गंभीर. मागे मजकूर वडिलांचा: या मुली खऱ्या आहेत, शुद्ध आहेत, बाहेरच्या कशाचाही त्यांच्यावर परिणाम झालेला नाही. परिणाम होईल कसा, बाहेर सोडलंच नव्हतं.

आता ते गाणं ऐकायला कसं आहे ते सांगायला हवं, कारण भांडण सगळं त्यावरून आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, तिघी तीन खोल्यांत बसून वेगवेगळी गाणी वाजवतायत. गिटारी एकमेकींशी नीट जुळवलेल्या नाहीत. डॉट गाते तो प्रत्येक सूर तिची गिटार तसाच वाजवत जाते, अक्षराला एक सूर. बेटीची गिटार वेगळीच. हेलन ड्रमवर आपला ठेका धरून बसलेली, गाणं कुठे पोचलंय याच्याशी तिचं देणंघेणं नाही असं वाटावं. आणि चुलीचा तिसरा दगड, खर्जातली बेस गिटार, जवळजवळ नाहीच. चौथी बहीण रेचेल ती वाजवते, पण या तबकडीत एकाच गाण्यात. तेव्हा या त्रिकुटात दोन गिटारी आणि ड्रम. वरचा आवाज आणि ठेका यांना बांधणारं काहीच नाही.

पण दोन-तीनदा ऐकलं की एक गोष्ट ध्यानात येते. हे वेडंवाकडं दर वेळी एकाच जागी वेडंवाकडं आहे. दोघी एकत्र गातात आणि एकत्रच थबकतात, एकत्रच पुढे जातात. म्हणजे त्यांनी ते तसंच बसवलं आहे. डॉटच्या गाण्यात ताल शब्दांना आवरत नाही, शब्द तालाला ओढून नेतात. ओळ लांब झाली तर मात्रा वाढतात, आखूड झाली तर कमी. रॉक संगीतात हे सहसा चालत नाही, तिथे चार-चारचा हिशेब पक्का. आपल्याला मात्र ते तितकं परकं वाटू नये. जात्यावरच्या ओवीत एक ओळ सात अक्षरांची, दुसरी अकराची झाली म्हणून कुणी अडत नाही, शब्द संपेपर्यंत सूर ओढला जातो. फरक इतका की ओवीला खाली जात्याची घरघर असते, तिने सगळं सावरलं जातं. डॉटच्या शब्दांखाली तसं काही नव्हतं, आणि हेलनचा ठेका तिची वाट पाहत नव्हता.

त्या नशेतल्या बॅण्डांनी काळ वाकडा करायला केवढी खटपट केली. या मुलींनी नशा सोडा, घराचा उंबरठाही फारसा ओलांडला नव्हता, आणि त्यांचं गाणं त्या सगळ्यांपेक्षा विचित्र निघालं.

विषय पाहिले तर साध्या घरातल्या साध्या मुलीचे आहेत. एक गाणं फूट फूट नावाच्या मांजराचं, ते हरवलंय आणि ती शोधत फिरते. एक गाणं असं की श्रीमंताला गरिबाचं हवं असतं आणि गरिबाला श्रीमंताचं, जगात सगळ्यांना खूश करता येत नाही. आणि एक गाणं आईवडिलांवर. आईवडील म्हणजे खरी माया करणारे, मुलांच्या पाठीशी कायम उभे राहणारे, असा त्याचा आशय. हे गाणं ऐकताना आम्ही थोड्या गप्प झालो. शाळेतून काढलेली, मैत्रिणी तुटलेली मुलगी हे लिहिते, आणि समोर काचेपलीकडे वडील उभे आहेत. तिने ते मनापासून लिहिलं की वडिलांना आवडेल म्हणून? आम्हाला वाटतं दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपल्यापैकी कितीजणींनी माहेरच्या ओव्यांत बापाला राजा म्हटलंय, आणि त्याच बापाने आपल्याला चौथीतून काढलेलं आहे.

तबकडी चालली नाही. शनिवारचे कार्यक्रम १९७३ साली गावाने बंद केले. हेलनची पंचविशी उलटली होती. पहिल्यांदाच एका माणसाने तिला विचारलं, तिने गुपचूप लग्न केलं आणि वडिलांच्या भीतीने काही महिने माहेरीच राहिली, जणू काही झालंच नाही. वडिलांना कळलं तेव्हा ते बंदूक घेऊन जावयाच्या मागे निघाले. पोलीस आले. त्यांनी हेलनला सांगितलं, दोघांपैकी कुणासोबत राहायचं ते तू ठरव. ती नवऱ्यासोबत गेली. बापलेकीचं बोलणं बरेच महिने बंद होतं. तरी पुढे तीच हेलन परत येऊन ड्रमवर बसली. १९७५ साली बहिणींनी पुन्हा त्याच स्टुडिओत काही गाणी केली, तोवर हात बऱ्यापैकी बसला होता. त्याच वर्षी ऑस्टिन हृदयविकाराने गेले, वय ४७. बहिणींनी वाजवणं तिथेच थांबवलं. कुणी थांबा म्हटलं नाही, कुणी वाजवा म्हटलं नाही. पुढे त्यांचं ते फ्रीमॉन्टमधलं घरही राहिलं नाही, अग्निशमन दलाच्या सरावासाठी ते जाळण्यात आलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या शंभर प्रतींपैकी काही रेडिओ केंद्रांवर पोचल्या होत्या, आणि हातोहात फिरत होत्या. एनआरबीक्यू नावाच्या बॅण्डमधल्या टेरी अॅडम्स आणि टॉम अर्डोलिनो यांच्या कानी ती तबकडी पडली आणि त्यांना ती अतिशय आवडली. त्यांच्या खटपटीने १९८०मध्ये ती पुन्हा निघाली. मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलं. कर्ट कोबेन हा नव्वदीतला फार गाजलेला गायक, त्याने आपल्या आवडत्या ५० तबकड्यांची यादी वहीत लिहून ठेवली होती, त्यात ही पाचवी आहे. १९९९ साली एका मोठ्या कंपनीने ती पुन्हा काढली. बहिणींवर लेख आले, पुढे एक संगीत नाटकही झालं.

तेव्हापासून दोन तट आहेत. एकजण म्हणतात, ही जगातली सगळ्यात वाईट तबकडी. दुसरे म्हणतात, ही निर्मळ प्रतिभा, शिकलेल्यांना असं जमणारच नाही. आम्हाला दुसऱ्यांचं म्हणणंही पुरतं पटत नाही. निर्मळ, अस्पर्शित असं म्हणणारे लोक वेष्टनावरचं वडिलांचंच वाक्य घोकत असतात. त्या अस्पर्शित राहिल्या कारण दारं बंद होती. आपल्याकडे गाणाऱ्या मुलीचं गाणं बंद करतात, तिथे न मागणाऱ्या मुलींवर गाणं लादलं. दिसायला उलट, पण दोन्हीकडे ठरवणारा एकच. ऑस्टिन विगिनना आम्ही राक्षस म्हणणार नाही. गिरणीच्या पगारात मुलींसाठी गिटारी आणणारा, दर शनिवारी सभागृह झाडून घेणारा बाप सगळीकडे मिळत नाही. आपल्या मुलींचं नाव होणार यावर त्यांच्याइतका कुणाचाच विश्वास नव्हता. फक्त त्यांनी त्या मुलींना एकदा विचारायला हवं होतं.

आणि डॉटचं मोल त्यात हरवू नये. वेळ वडिलांची, वाद्यं वडिलांनी आणलेली, पण मांजराचं गाणं वडिलांनी सांगून लिहिलेलं नाही. ते तिला सुचलं. नव्या गायकांनी पुढे तिची गाणी बसवली, तेव्हा त्यांना तिच्या त्या आखूड-लांब ओळी मोजून मोजून शिकाव्या लागल्या.

१९९९ साली न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात डॉट आणि बेटी पुन्हा रंगमंचावर आल्या. हेलनची तब्येत बरी नसायची, ती आली नाही. २००६ साली ती गेली. डॉटने २०१३मध्ये नव्या साथीदारांबरोबर स्वतःच्या नावाने तबकडी काढली. तिच्यात जुनी, पूर्वी कधी न गायलेली गाणीही होती. २०१७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका संगीत महोत्सवात दोघी बहिणी गायल्या. साथीला दुसरे वादक होते, आणि त्यांनी जुन्या तबकडीतला प्रत्येक अडखळा जसाच्या तसा वाजवला. समोरचे लोक शब्दन्शब्द पाठ असल्यासारखे ऐकत होते. या वेळी येण्याचं त्यांचं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांची गाणी आता मोबाइलवर सापडतात. गटाच्या पुढच्या बैठकीत कुणाच्या तरी फोनवर फूट फूटचं गाणं लावा. पहिल्या खेपेला हसू येईल, खुशाल हसा. दुसऱ्या खेपेला फक्त हेलनच्या ड्रमकडे कान द्या. तिसऱ्या खेपेला डॉट आणि बेटी कुठे एकत्र श्वास घेतात तेवढं ऐका.